दुहेरी काचेतलं कीर्तन

देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या आणि कान मात्र उघडे ठेवले, यात त्याचा काही हेतू असावा, असं साधी माणसं समजतात. चिंतामणी मास्तर साधे नव्हते. ते शाळेत विज्ञान शिकवत. देवाकडून राहून गेलेली ती झाकणं आपण काचेची करून बसवू, असं त्यांनी एक्क्याण्णव सालच्या चैत्रात ठरवलं. तिथपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांच्या घराचं जे झालं, ते शत्रूच्या घराचंही होऊ नये. शेजाऱ्याच्या घराचं मात्र जरूर व्हावं, कारण बघायला फार बरं वाटतं.

मूळ दुखणं आदल्या वर्षीचं. मास्तरांच्या घरी अक्षय्य तृतीयेला कीर्तन असतं. त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी ते सुरू केलं आणि एकदाही चुकवलं नाही. घर भिवंडीत कामतघरच्या रस्त्याला, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून केसरीनाथचा यंत्रमागाचा, लूमचा कारखाना. लूम म्हणजे दिवसरात्र खटाखट, खटाखट. गणेशपुरीहून बुवा येत. गळा असा, की त्यांनी नुसतं 'जय जय रामकृष्ण हरी' म्हटलं तरी माणसाचे राग-लोभ चपलांबरोबर बाहेर राहावेत. पण त्या वर्षी बुवांनी पूर्वरंग कसाबसा आटोपला, आणि मध्यंतरात बुक्का लावून घेताना म्हणाले, "चिंतामणराव, मला माझाच आवाज ऐकू येईना. पुढल्या खेपेला ऐकू आला तर येईन. नाहीतर या वयात क्षमा असावी."

मास्तरांना हे लागलं. घरची रीत मोडणार हे एक; दुसरं ते कोणाला सांगत नसत. बुवांच्या मागे उभं राहून झील धरायची, म्हणजे बुवांनी चरण म्हटला की मागून तो उचलायचा, हा मान मास्तरांचा. वर्षातून एकदा मिळणारा. "माझा आवाज खर्जातला आहे," ते म्हणत, "पण या लूमच्या गोंगाटात वाया जातो." गाणाऱ्याला गोंगाटाचा राग यावा तसा तो त्यांना येई, आणि आपण गाणारे आहोत याचा तोच पुरावा, असंही वाटे.

मास्तरांनी आधी सरळ मार्गाने जाऊन पाहिलं. सरकारदरबारी अर्ज दिला. आवाज मोजायला एक साहेब खरंच आले. भिवंडीत लूमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. साहेब बाहेरगावचे, ते शुक्रवारी आले. अर्धा तास ओट्यावर बसले, सुनीतीवहिनींच्या हातचं पन्हं प्यायले, कोकिळा ऐकली, आणि 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहून गेले. जाताना म्हणाले, "फार शांत एरिया आहे हो. इकडे जागा मिळेल का एखादी?"

त्या संध्याकाळी सुनीतीवहिनी म्हणाल्या, "अहो, मग आपणही कीर्तन शुक्रवारीच ठेवू. यंदा तृतीया गुरुवारी आहे. एक दिवसाने काय होतंय?"

"तिथी म्हणजे काय भाजीबाजार आहे, सोयीने हलवायला?"

"मग केसरीनाथभावजींना सांगा. घंटा-दोन घंटे बंद ठेवतील."

"ज्याच्याविरुद्ध अर्ज केला त्याच्यापुढे हात पसरू? मी? मास्तर?" मास्तर गरजले. "सुनीती, विज्ञानाने माणूस चंद्रावर गेला!"

"तिकडे लूम नसतील," वहिनी म्हणाल्या आणि पोळ्यांना लागल्या.

विज्ञान मास्तरांना एका मासिकात भेटलं होतं. परदेशात म्हणे खिडकीला एकावर एक दोन काचा लावतात आणि मध्ये हवा कोंडून ठेवतात. बाहेरचा आवाज त्या हवेत अडकून मरतो. दारालाही तेच. तिकडे ते थंडीसाठी करतात ही ओळ मास्तरांनी वाचली नसावी, किंवा भिवंडीच्या वैशाखात ती त्यांना गैरलागू वाटली असावी. थोर माणसं गैरलागू ओळी गाळूनच थोर होतात.

बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही, कारण मास्तर ती रोज पसरवत होते. पलीकडच्या रंगूबाई आल्या. "काच कसली लावता? आळीत पोरं किरकेट खेळतात. कीर्तनात काच फुटून बुवांच्या डोक्यात पडली म्हणजे? त्यापेक्षा एसटीची काच आणा. कंडक्टर एवढी आपटतात, फुटते का? आणि आवाजही अडतो." एसटीची काच आवाज अडवते हे एसटीत कधी न बसलेल्या माणसाने म्हणावं. रंगूबाई दर पौर्णिमेला वज्रेश्वरीला एसटीनेच जात. शाळेतले ड्रॉइंगचे राघो सर म्हणाले, "दोन काचांच्या मध्ये पाणी भरा आणि मासे सोडा. आवाजही अडेल, शोभाही येईल."

शेवटी खुद्द केसरीनाथ आला. अंगावर सुताचे तुसे, कानावर अर्धी विडी. "मास्तर, काचंनं काय व्हनार हाय? आवाज भुईतनं चढतंय. मी काय बोलतो, त्या दिवशी—"

"केसरीनाथ," मास्तरांनी हात वर केला, "ध्वनी ही लहर आहे." आणि त्यांनी ओट्यावर कोळशाने लहर काढली. मग काच काढली. मग काचेपुढे थकून बसलेली लहर काढली. केसरीनाथने दोनदा "न्हाय पन मी काय बोलतो" असं म्हणून पाहिलं. मास्तरांनी दोन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून समजावलं. बिचारा मान हलवत गेला. ऐकून घेण्याची सवय मास्तर मंडळींना लागली असती, तर पोरांना सुट्टी लवकर मिळाली असती.

तर काच साधी नको, फुटली तरी इजा न करणारी हवी, एवढं रंगूबाईंमुळे ठरलं. काचवाल्या शेठच्या दुकानात मास्तर गेले, तो तिथे नवाच पेच.

"मास्टरजी, दो तरह का है," शेठ म्हणाला. "टफन टूटेगा तो दाना-दाना हो जायेगा, किसी को लगेगा नहीं. लॅमिनेट में बीच में पन्नी है. टूटेगा, मगर अपनी जगह से हिलेगा नहीं. मैं क्या बोलता हूँ—"

"कळलं, कळलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी शेठला काच कशी तापवतात, कशी एकदम निववतात, यावर एक धडा दिला. शेठ तीस वर्षं काच विकत होता. त्याने तो अदबीने ऐकला.

मग घरी येऊन विचार सुरू झाला. जेवताना विचार, वर्गात विचार, देवपूजेत विचार. साधी माणसं काच घेताना ती फुटू नये एवढंच मागतात. आपली काच फुटावी कशी, कोणत्या रीतीचं फुटणं आपल्या घराण्याला शोभेल, याचा घोर लावून घेणारा गृहस्थ विरळाच. "दाणे दाणे होऊन जाणं यात एक निर्मोही वृत्ती आहे," ते अण्णांना म्हणाले. अण्णांना दिसायचं कमी आणि लूमपायी ऐकूही कमी यायचं. ते म्हणाले, "हो, पण भिजवून घे. नाहीतर दाताखाली येतात."

टफन्ड ठरली. मापं मास्तरांनी स्वतः घेतली, भूमितीच्या पेटीने. सुतार लहानू पूर्णा गावचा. तो मापाची दोरी घेऊन आला होता, तिच्याकडे मास्तरांनी एकदाच बघितलं आणि लहानूने ती खिशात घातली. काचा आल्या. पहिली काच चौकटीला लावली, तो ती बोटभर मोठी.

लहानूने लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि निकाल दिला. "मास्तर, काच मोठी न्हाय. भोक बारीक हाय."

"मग काच काप."

"कापतो की! हिरा हाय ना माझ्याकडं. अशी मारली रेघ का झाला."

कारागीर आणि विद्वान यांचं इतक्या पटकन एकमत व्हायला लागलं की आपण चार पावलं मागे सरकावं. लहानूने हिरा टेकवला, रेघ ओढली, मास्तरांनी वाकून पाहिलं, आणि फटाका उडावा तसा आवाज होऊन काच नाहीशी झाली. लहानूच्या हातात नुसता हिरा, आणि घरभर शुभ्र चमचमणारे खडे. खरचटलं मात्र कोणाला नाही.

तेवढ्यात आतून अण्णा भिंत चाचपत आले. पायाला खडे लागले, तसे हळहळले. "अरे अरे, खडीसाखर सांडली कुणी? देवाचा जिन्नस पायाखाली!" आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी वाकून चांदीची वाटी भरली आणि देवापुढे नैवेद्य ठेवून डोळे मिटले. वर एक खडा तोंडाकडे नेला. सुनीतीवहिनींनी परातीसकट धाव घेतली आणि सासऱ्यांचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून ही पहिलीच आगळीक. सुरक्षित काच म्हणतात ती ही. अंगावर पडली तर ओरखडा नाही. प्रसादाला ठेवली तर सगळं घराणं मार्गी लावेल.

मास्तर पुन्हा दुकानात गेले तेव्हा शेठ म्हणाला, "टफन बनने के बाद कटता नहीं, मास्टरजी."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"बोल रहा था. आप साइन्स बता रहे थे."

आता लॅमिनेटेड. ती शेठकडे नव्हती. मुंबईहून टेम्पोने निघाली आणि जकात नाक्यावर अडली. नाक्यावर कारकून होता दत्तू, मास्तरांचा जुना विद्यार्थी. सरांना बघून उठून उभा राहिला, पाया पडला, आणि टेम्पो अडवून ठेवला.

"सर, यादीत लॅमिनेटेड काच म्हणजे मोटारीची पुढची काच. गाडी नंबर सांगा."

"अरे, ही माझ्या घराच्या खिडकीची आहे."

"घरबांधणीच्या काचेत ही बसत नाही ना सर. तुम्हीच शिकवलंत, वटवाघूळ उडतं म्हणून पक्ष्यांत घालायचं नाही. मी घातलं होतं. तुम्ही मला बाकावर उभं केलं होतंत."

विद्या कधी वाया जात नाही. मास्तर संध्याकाळपर्यंत नाक्यावर, टेम्पोच्या सावलीत, आपल्याच शिकवणीची फळं खात बसले. शेवटी दत्तूनेच तोड काढली. गाडी नंबराच्या जागी त्याने मास्तरांचा घर नंबर लिहिला, आणि 'वाहन जागेवर उभे' असा शेरा मारला. "घर हलवू नका सर थोडे दिवस," तो कळकळीने म्हणाला.

या सगळ्यात गुरुवार उजाडला. अक्षय्य तृतीयेच्या दुपारी लहानू शेवटच्या खिडकीच्या फटीत लांबीचं लुकण भरत होता, आणि ओटीवर सतरंज्या पडत होत्या. तीन खिडक्या कायमच्या बंद. एक तेवढी, हट्ट धरून, सुनीतीवहिनींनी उघडमिटीची करून घेतली होती. दोन काचांच्या मध्ये एक माशी राहून गेली होती. मास्तर येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवत. "बघा, पंख हलताहेत. आवाज येतो का? येतो का आवाज?" माशीचा आवाज एरवी लूमच्या वरताण येत असल्यासारखे सगळे माना डोलवत.

दारही दुहेरी काचेचं, आणि लहानूने ते पुसून असं लख्ख केलेलं, की दार आहे हे दाराशिवाय कोणाला माहीत नव्हतं. बुवा आले. पांढरा अंगरखा, उपरणं, कपाळी ओलं गंध, ओठांवर नाम. मास्तर आतून हात जोडून उभे. बुवाही हात जोडून, हसतमुख, सरळ त्यांच्याकडे चालत निघाले. ठण्! काचेला काही झालं नाही. जाहिरातीत सांगितलं होतं तेवढी ती खरीच सुरक्षित निघाली. बुवांचं कपाळ मात्र तेवढं तपासून घेतलेलं नव्हतं.

मोठ्या मनाचा माणूस तो. कपाळ चोळत म्हणाले, "दार आहे होय! मला वाटलं, मास्तरांच्या घराला आडपडदाच उरला नाही." दारावर त्यांच्या गंधाचा ठसा उमटला होता. सुनीतीवहिनींनी तो पुसू दिला नाही. "राहू दे. त्यावरून तरी लोकांना दार कळेल."

माणसं जमली, दार लागलं, आणि काय सांगावं! शांतता. मास्तर डोळे मिटून ती प्यायले. ना खटाखट, ना धडधड. त्यांनी बुवांकडे असं पाहिलं, जसं हनुमंताने द्रोणागिरी उतरवून ठेवल्यावर पाहिलं असेल.

पण शांततेचे चटके लगेच बसू लागले. कामतघरची माणसं जन्मापासून लूमच्या वर आवाज चढवून बोलणारी. रंगूबाई शेजारणीच्या कानाशी लागल्या आणि आजवर ज्या पट्टीला कुजबुज म्हणत त्या पट्टीत बोलल्या, "सुनीतीनं गेल्या वर्षीचीच साडी नेसलीय गं!"

सगळी ओटी वळली. सुनीतीवहिनी शांतपणे म्हणाल्या, "गेल्या वर्षीची नाही रंगूबाई, त्याच्या आदल्या वर्षीची. गेल्या वर्षीची तुम्ही नेऊन अजून परत दिलेली नाही."

अण्णांनी टाळ हातात घेतले, तर हात चालेनात. वर्षानुवर्षं त्यांचा ठेका लूमच्या ठोक्यावर बसलेला. ठोकाच नाही म्हटल्यावर टाळ आंधळ्यासारखे चाचपडू लागले. "अरे, लय कुठे गेली?" ते मोठ्याने विचारत राहिले.

बुवांनी ध्रुवाचं आख्यान लावलं. तो गळा, ती निवांत ओटी! सावत्र आईने पोराला बापाच्या मांडीवरून ढकललं, तिथे बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कीर्तन असं ऐकायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं. बुवांनी चरण पुरा केला, मागे पाहिलं, आणि मान हलवून मास्तरांना खूण केली. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा क्षण. मास्तरांनी छाती भरून घेतली आणि झील धरली.

रिकामं पिंप दगडी जिन्यावरून उतरवताना हातातून सुटावं, आणि खाली मांजर असावं. एक तान्हं रडू लागलं. बुवांचे डोळे, जे कीर्तनात मिटलेले असत, ते टक्क उघडले. वीस वर्षं त्यांच्या पाठीशी हे उभं होतं आणि लूमने त्यांना कळू दिलं नव्हतं. दुसऱ्या चरणाला बुवांनी सूर चढवून पाहिला. मास्तर तिथेही आले. खाली उतरून पाहिला. मास्तर तिथे आधीच होते. तिसऱ्याला बुवांनी झील टाळून पुढे जायचं केलं, तर मास्तरांना वाटलं बुवा विसरले. त्यांनी आठवणीने दोनदा म्हटली.

त्यात बंद घर, वैशाख, आणि पंखा समईपायी बंद. "ध्रुवबाळाने श्वास कोंडला," बुवा सांगू लागले, "आणि तिन्ही लोकांचे प्राण कासावीस झाले!" हा भाग श्रोत्यांना उलगडून सांगावा लागला नाही. रंगूबाई ओरडल्या, "बुवा, त्याला म्हणावं सोड रे बाबा, सोड!"

बुवांनी कपाळाचा घाम पुसला. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चिंतामणराव, ती खिडकी उघडता का?"

"पण बुवा, लूमचा आवाज येईल आत."

"येऊ दे. येऊच दे."

मास्तर नाइलाजाने गेले. लांबी ओली होती. दोनदा ओढल्यावर खिडकी उघडली. वारा आला. त्यामागून सायकलच्या घंटीचा आवाज आला, कोकिळा आली, कुठे तरी कपडे आपटल्याचा आवाज आला.

लूम आला नाही.

मास्तरांनी डोकं बाहेर काढून पाहिलं. मागच्या रांगेतून केसरीनाथ उठला. न्हाऊन-धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून, हात जोडून. "मास्तर, दार लागलं तवाच लूम बंद करायला लावलं. तुमच्या घरी देवाचं नाव चाललंय, आन् मी शेजारी बसून खटखट करू व्हय? त्या दिवशी ह्येच सांगायला आलतो. तुम्ही ओट्यावर लहर काढत बसलात."

ओटीवर काय शांतता पसरली! या शांततेत काचेचा काडीचा हात नव्हता. सगळे आधी काचेकडे, मग माशीकडे, मग मास्तरांकडे बघू लागले. लॅमिनेटेड काचेचं शेठने जे वर्णन केलं होतं, ते त्या वेळी मास्तरांच्या चेहऱ्याला तंतोतंत लागू होतं. आतून तडकला होता, पण जागेवरून हलला नाही.

बुवा दोन पावलं पुढे आले. झील धरायला मास्तर परत त्यांच्या मागे उभे राहिले होते, कुठे जाणार? बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं, फार मायेने पाहिलं. रागावणं त्या माणसाला येतच नव्हतं. मग केसरीनाथकडे वळून हात जोडले.

"केसरीनाथशेठ, एक मागणं आहे. लूम चालू करा."

"कीर्तन झाल्यावं करतो ना बुवा."

"आत्ता करा."

केसरीनाथने एकदा बुवांकडे, एकदा मास्तरांकडे बघितलं. त्याच्या ध्यानात आलं असावं. "समदे?"

"समदे," बुवा म्हणाले.

थोड्या वेळाने पलीकडे एक लूम जागा झाला, मग दुसरा, मग सगळे. खटाखट, खटाखट. उघड्या खिडकीतून आणि भुईतून आवाज चढत आला. अण्णांचे टाळ ठोक्यावर जाऊन बसले, तान्हं झोपी गेलं. बुवांनी चरण घेतला, मागे मान हलवली, आणि मास्तरांनी डोळे मिटून, गालांवरून पाणी वाहत, जीव ओतून झील धरली. ती देवाने ऐकली असणार. इतरांना त्याची कृपा म्हणून ऐकू आली नाही.

आरती झाली. निघताना बुवांनी काचेच्या दारावरचा आपला ठसा शोधला, तिथे दार आहे याची खात्री केली, आणि म्हणाले, "पुढल्या वर्षी येतो, चिंतामणराव. खिडकी मात्र अशीच उघडी, आणि लूम चालू."

माणसं पांगली. मास्तर ओटीवर त्या माशीसमोर जाऊन बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "पाहिलंस ना सुनीती? बुवांनाही आता लूमशिवाय रंग चढत नाही. साथ भारदार असली की असंच होतं."

सुनीतीवहिनी सतरंजी गुंडाळत होत्या. त्या थांबल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि सतरंजीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तुमचंच खरं होतं. कीर्तन शुक्रवारी नकोच."